आठवड्यातून एकदा टोचायचं औषध: पहिल्या डोसच्या आधीपासून औषध थांबेपर्यंत

मागच्या महिन्यात एक काकू आल्या. पिशवीतून पेन काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "चार डोस झाले, शुगर हलायला तयार नाही." मी विचारलं, ठेवता कुठे? "फ्रीजमध्येच. वरच्या बर्फाच्या कप्प्यात." दर रविवारी सकाळी त्या पेन बाहेर काढायच्या, दुपारी वितळलं की टोचायच्या. चारही डोस बिनभरवशाचे.

मधुमेहाच्या ओपीडीत रुग्णांना इंजेक्शन शिकवणं हे माझं काम. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही शुगर आणि वजन उतरवणारी औषधं घेणारे आता रोज भेटतात. माउंजारो (टिर्झेपाटाइडचं एक नाव) भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोव्ही (सेमाग्लुटाइडचं) जून २०२५ मध्ये, आणि तेव्हापासून त्याच त्याच चुका दिसतात. बहुतेक चुका औषधाच्या नसतात, क्रमाच्या असतात. कुठलं काम कधी करायचं, ते इथे लिहिते आहे. औषध सुरू करायचं का आणि कितीचं, हे मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील.

आधी एवढं कळू द्या: हे औषध आठवडाभर अंगात असतं

आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक रक्तात येतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, यकृतातून साखर बाहेर काढणाऱ्या ग्लुकागॉनला आवर घालतं, जठर हळू रिकामं करतं आणि मेंदूला "पोट भरलं" असा निरोप देतं. पण शरीरातलं हे संप्रेरक दोनेक मिनिटांत निकामी होतं, कारण डीपीपी-४ नावाचं एक विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करतं.

सेमाग्लुटाइड ही त्याच संप्रेरकाची नक्कल, पण लवकर न तुटणारी. तिचं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे एक आठवडा लागतो. टिर्झेपाटाइड जीएलपी-१ बरोबर जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं, ते निम्म्यावर यायला सुमारे पाच दिवस.

पुढचे बहुतेक नियम यातूनच निघतात. मळमळ दुसऱ्या दिवशी संपत नाही, कारण औषध अंगातच असतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बंद करून भागत नाही. गर्भधारणेचा विचार असेल तर महिने आधी थांबावं लागतं. "काही होत नाही" म्हणून मधेच जादा डोस टोचला, तर तो परत काढून घेता येत नाही.

टप्पा १: डॉक्टरांकडे जाताना हे सांगायचं ठरवून जा

डॉक्टर विचारतीलच असं धरू नका. गर्दीच्या ओपीडीत राहून जातं. तुम्ही सांगा:

- तुम्हाला किंवा घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग किंवा मेन-२ हा आनुवंशिक विकार झाला आहे का. असेल तर ही औषधं चालत नाहीत. साध्या हायपोथायरॉइडचा याच्याशी संबंध नाही, त्यामुळे थायरॉइडची गोळी चालू असली म्हणून घाबरू नका.
- स्वादुपिंडाला सूज येऊन गेली आहे का, पित्ताशयात खडे आहेत का.
- जेवण तासन् तास पोटात तसंच राहतं, असा त्रास आधीपासून आहे का.
- डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झालेला आहे का. शुगर फार झपाट्याने उतरली तर तो काही काळ वाढू शकतो. वर्षभरात डोळे तपासले नसतील तर आधी तपासून घ्या.
- मूल हवं आहे का. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या प्रयत्नांआधी किमान दोन महिने बंद करावं लागतं, टिर्झेपाटाइड किमान एक महिना.

टाइप-१ मधुमेहात हे औषध इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही. "आता आठवड्याला एकच टोचायचं" असं समजून रोजचं इन्सुलिन परस्पर बंद केलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातून जिवावर बेततं.

टप्पा २: चालू गोळ्यांचा हिशेब आधी, इंजेक्शन नंतर

सर्वात जास्त चुका इथे होतात. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरा आणि डॉक्टरांसमोर ओता. यादी लिहून नेलीत तर नेमकी एक गोळी राहून जाते.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्यांचा डोस बहुधा कमी करावा लागतो. नवं औषध एकटं असताना शुगर सहसा फार खाली नेत नाही, कारण ते रक्तात साखर वाढलेली असेल तेव्हाच इन्सुलिन सोडायला लावतं. ग्लिमेपिराइडला मात्र ही समज नाही. भूक मेलेली, जेवण निम्म्यावर आलेलं आणि ग्लिमेपिराइड पूर्वीइतकंच, असं झालं की शुगर घसरून दुपारी चारला दरदरून घाम फुटतो.

व्हिल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या गोळ्या डीपीपी-४ विकराला अडवतात, म्हणजे शरीरातलं जीएलपी-१ टिकवतात. बाहेरून त्याची टिकाऊ नक्कल दिल्यावर या गोळीचा वेगळा फायदा उरत नाही. ती बंद करायची का, हे स्पष्ट विचारा. आपल्याकडे ती बऱ्याचदा मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असते, म्हणून पाकिटावरची दोन्ही नावं वाचा. मेटफॉर्मिन सहसा चालू ठेवतात.

टिर्झेपाटाइड घेणाऱ्या आणि गर्भनिरोधक गोळी चालू असलेल्या स्त्रियांसाठी: पहिल्या डोसनंतर चार आठवडे, आणि दर वेळी डोस वाढल्यावर पुन्हा चार आठवडे, निरोध किंवा दुसरा उपाय सोबत ठेवा. गोळीचा परिणाम त्या काळात कमी होऊ शकतो.

तपासा: पहिला डोस घेण्याआधी चिठ्ठीवर "हे बंद, हे निम्मं, हे तसंच" असं लिहून घेतलं आहे ना? तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत बदलतं.

टप्पा ३: आजचे आकडे लिहून ठेवा

वजन, कंबरेचा घेर, एचबीएवनसी, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), रक्तदाब. एका वहीत, तारखेसह. एचबीएवनसी ही शुगरची तीन महिन्यांची सरासरी असते, त्यामुळे महिन्याभराने ती पुन्हा करून हाती काही लागत नाही. घरच्या मशिनवर उपाशीपोटीची शुगर बघत राहा.

टप्पा ४: विकत घेणं आणि घरी आणणं

ओळखीच्या मेडिकलमधून, चिठ्ठीवर आणि पक्क्या बिलावर घ्या. बिलावरचा बॅच नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळतो का, ते तिथेच उभ्या उभ्या बघा. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला होता. व्हॉट्सॅपवर स्वस्तात मिळणारं, जिममध्ये कोणी देऊ केलेलं, लेबल नसलेल्या बाटलीतलं औषध घेऊ नका.

दुकानदाराने औषध फ्रीजमधून काढून दिलं पाहिजे. उन्हाळ्यात थंड पॅकसह आणा, पण पॅक आणि औषध यांच्यामध्ये नॅपकिनची घडी ठेवा, थेट टेकलं तर औषध गोठतं.

घरी जागा मधल्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत. एका दाराच्या जुन्या फ्रीजमध्ये बर्फाच्या खणाखाली आणि मागच्या भिंतीलगत बर्फ धरतो, तिथेही नको. पोळ्यांच्या डब्यासारख्या झाकणाच्या डब्यात पेन ठेवलं की ढकललं जात नाही.

सावध: एकदा गोठलेलं औषध वितळल्यावर स्वच्छ दिसलं तरी वापरायचं नाही. काकूंचं पेन आम्ही टाकूनच दिलं.

वापरायला काढलेलं पेन ठरावीक दिवसच चालतं. ओझेम्पिकचं (हेही सेमाग्लुटाइडच) साधारण सहा आठवडे, आणि बाहेर ठेवलंत तर ३० अंशांच्या आत. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात घरातलं तापमान ३० च्या कितीतरी वर असतं, तिथे वापरातलं पेनही फ्रीजमध्येच बरं. प्रत्येक कंपनीचे दिवस वेगळे आहेत, म्हणून खोक्यातला कागद वाचा आणि पहिल्या वापराची तारीख पेनावर चिकटवा.

टप्पा ५: टोचण्याची पद्धत

आठवड्याचा एक वार ठरवा. वेळ कुठलीही चालते, जेवणाशी संबंध नाही. मी बहुतेकांना शुक्रवार किंवा शनिवारची रात्र सुचवते, मळमळ झालीच तर ती सुटीच्या दिवशी होते.

१. पेन पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढा, थंडगार औषध जास्त झोंबतं. गरम पाण्यात किंवा उन्हात धरू नका.

२. हात धुवा. औषध पाण्यासारखं स्वच्छ आहे का बघा. गढूळ असेल किंवा कण दिसले तर थांबा.

३. नवी सुई लावा. दर वेळी नवी. सुईला दोन टोपणं असतात, बाहेरचं मोठं आणि आतलं बारीक. आतलं न काढताच टोचणारे दर महिन्याला एक-दोन भेटतात, आणि औषध त्या टोपणातच राहतं.

४. औषध सुईतून येतं का, ते तपासा. टोकावर थेंब दिसला पाहिजे. काही पेनांना ही तपासणी फक्त नव्या पेनाला लागते, काहींना दर डोसला.

५. डोस फिरवून आकडा खिडकीत वाचा. कटकट आवाज मोजून डोस काढू नका.

६. जागा: बेंबीपासून चार बोटं सोडून पोट, मांडीचा पुढचा भाग, किंवा दुसरं कोणी टोचणार असेल तर दंडाची मागची बाजू. दर आठवड्याला जागा बदला. गाठ, व्रण किंवा निळसर डाग असेल तिथे नको.

७. सुई सरळ आत, बटण पूर्ण दाबा, आकडा शून्यावर आल्यावरही दाबून धरा आणि सावकाश सहापर्यंत मोजा. मग सुई बाहेर.

८. सुई लगेच काढा, जाड प्लॅस्टिकच्या बरणीत टाका. सुई लावून ठेवलेल्या पेनात हवा शिरते आणि औषध गळतं.

सातव्या पायरीवर एक आजोबा अडकले होते. बटण दाबलं की लगेच सुई काढायचे, आणि त्वचेवर ओघळलेलं औषध कापसाने पुसायचे. "थोडं सांडतंच ना?" सुईच्या टोकावर एखादा थेंब राहिला तर चालतं. कापूस ओला होत असेल तर पूर्ण डोस अंगात गेलेला नाही. अशा वेळी उरलेला अंदाजे भरून काढायला दुसऱ्यांदा टोचू नका, पुढच्या वारापर्यंत थांबा.

बाटलीतलं औषध घेणाऱ्यांनी हे जपून वाचा. माउंजारो बाटलीतही मिळतं. एका बाटलीत एकच डोस, ०.५ एमएल. मिलिग्रॅम, एमएल आणि सिरिंजवरची युनिटं ही तीन वेगळी मापं आहेत. आपल्याकडे लाल टोपणाची ४० युनिटची आणि केशरी टोपणाची १०० युनिटची, अशा दोन इन्सुलिन सिरिंज अजूनही दुकानात शेजारी शेजारी असतात. ०.५ एमएल म्हणजे लाल टोपणाच्या सिरिंजवर २० युनिटची रेघ आणि केशरीवर ५० ची. कोणी "वीसपर्यंत भर" म्हणून सांगितलं आणि हातात केशरी सिरिंज असली, तर निम्म्याहून कमी औषध जातं. म्हणून एमएल छापलेली सिरिंज मागून घ्या आणि पहिला डोस नर्ससमोर भरा.

पेन नवरा-बायकोत वाटून घ्यायचं नाही, सुई बदलली तरी नाही. रक्ताचा सूक्ष्म अंश पेनात मागे येऊ शकतो.

टप्पा ६: पहिले चार आठवडे आणि डोस वाढवणं

सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होतं, टिर्झेपाटाइड २.५ पासून. हे डोस वजन उतरवण्यासाठी नाहीत, पोटाला सवय लावण्यासाठी आहेत. पहिल्या महिन्यात काटा हलला नाही तर औषध वाया गेलं असं नाही.

चार आठवड्यांनी सेमाग्लुटाइड ०.५ वर आणि टिर्झेपाटाइड ५ वर नेतात. पुढची प्रत्येक पायरी किमान चार आठवड्यांची. वेगोव्ही ०.२५, ०.५, १, १.७, २.४ असं चढतं. टिर्झेपाटाइड २.५ च्या पायऱ्यांनी जास्तीत जास्त १५ पर्यंत. शेवटच्या पायरीला पोचलंच पाहिजे, असं मुळीच नाही. ज्या डोसवर शुगर ताब्यात आहे, वजन उतरतंय आणि तुम्ही नीट जेवू शकता, तो तुमचा डोस. शेजारणीचा किती आहे, याचा तुमच्या डोसशी संबंध नाही.

मळमळ, ढेकर, बद्धकोष्ठता, जुलाब हे नेहमीचे त्रास. डोस वाढल्यावर पहिले काही दिवस जास्त, मग ओसरतात. उपाय साधे आहेत: ताट लहान, घास सावकाश, पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की थांबायचं. ताटात उरलेलं संपवायची आपली सवय इथे उलटी पडते. वडा, भजी, मिसळीची तर्री डोसनंतरच्या दोन-तीन दिवसांत टाळा, जठर आधीच संथ झालेलं असतं. तहानही कमी लागते, म्हणून पाण्याची बाटली समोर ठेवून ती किती वेळा भरली ते मोजा.

त्रास अजून होत असेल तर पुढची पायरी चढू नका. त्याच डोसवर आणखी चार आठवडे राहायचं का, हे डॉक्टरांना विचारा.

लगेच दवाखाना गाठा:

- वरच्या पोटात असह्य, न थांबणारी, पाठीत जाणारी कळ, उलट्या असोत वा नसोत
- उजव्या बरगडीखाली दुखणं, सोबत ताप किंवा डोळे पिवळे
- दिवसभर पाणीही टिकत नाही, लघवी कमी झाली
- एका डोळ्याची नजर अचानक गेली

उलट्या चालू असताना डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी घेत असाल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. खाणं-पिणं बंद असताना ती सहसा थांबवतात.

शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. असं एकदा जरी झालं तरी गोळ्यांचा हिशेब पुन्हा करायला जा.

टप्पा ७: ताटाचा क्रम उलटा करा

हे सांगायला मला जास्त वेळ लागतो आणि ते ऐकलं कमी जातं.

वजन उतरतं तेव्हा फक्त चरबी जात नाही, स्नायूही जातात. साठीच्या माणसाचे स्नायू गेले तर जिना चढणं जातं. आपलं जेवण पोळी-भाजीने सुरू होतं आणि वरण, दही, ताक शेवटी येतं. या औषधावर दुसऱ्या पोळीलाच पोट भरतं, आणि जे हवं होतं ते वाटीत तसंच राहतं. म्हणून आधी उसळ, अंडं, पनीर, मासे किंवा घट्ट वरण संपवा. मग भाजी. भाकरी किंवा पोळी शेवटी, जमेल तेवढी. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८. दिवसाला किती हवीत, ते वजनावर आणि किडनीवर ठरतं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर आकडा डॉक्टरांकडून घ्या.

सोबत आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, भिंतीला हात लावून दंड. नुसतं चालण्याने स्नायू टिकत नाहीत.

तपासा: भूक नाही म्हणून सलग दोन दिवस चहा-बिस्किटावर काढले आहेत का? मग डोस तुमच्यासाठी जास्त आहे, डॉक्टरांना सांगा.

टप्पा ८: डोस चुकला, उपास आला, ऑपरेशन ठरलं

डोस चुकला: ओझेम्पिक पाच दिवसांच्या आत आठवलं तर घ्या, टिर्झेपाटाइड चार दिवसांच्या आत. त्याहून उशीर झाला तर तो डोस सोडून नेहमीच्या वारी घ्या. दोन डोस एकत्र कधीच नाही. वार बदलायचा असेल तर दोन डोसमध्ये किमान तीन पूर्ण दिवस जाऊ द्या.

उपास: एकादशी किंवा नवरात्र असेल आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आठवडाभर आधी विचारून गोळ्या बदलून घ्या. साबुदाण्याच्या खिचडीत तूप आणि पिष्ट दोन्ही भरपूर, ती या पोटाला जड जाते. दही, ताक, भगर, राजगिरा सोसतं. निर्जळी मात्र करू नका, पाणी कमी पडलं की किडनीवर ताण येतो.

ऑपरेशन, एंडोस्कोपी: तारीख ठरतानाच भूल देणाऱ्या डॉक्टरांना औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसचा दिवस सांगा. रात्रीपासून उपाशी असूनही जठरात अन्न राहू शकतं, आणि भुलेत ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. आदल्या संध्याकाळी सांगून उपयोग नाही.

प्रवास: विमानात हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसह. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच नाही.

टप्पा ९: गोळी घेत असाल तर

सेमाग्लुटाइडची गोळीही मिळते, रायबेल्सस. ती रोज घ्यायची. सकाळी उठल्यावर, अगदी रिकाम्या पोटी, अर्ध्या कपाहून जास्त पाणी नाही, म्हणजे १२० एमएलच्या आत. त्यानंतर किमान अर्धा तास चहा नाही, नाश्ता नाही, दुसरी गोळी नाही. ती जठरातच शोषली जाते, पाणी जास्त झालं किंवा चहा गेला की शोषण कोसळतं. मोडायची नाही, चघळायची नाही, आणि आठवड्याच्या डबीत आधीच काढून ठेवायची नाही, तिला दमटपणा चालत नाही.

थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच असते, म्हणून दोन्ही एकत्र गिळल्या जातात. कुठली आधी, किती अंतराने, ते लिहून घ्या आणि थायरॉइडची तपासणी पुन्हा करून घ्या.

टप्पा १०: अपेक्षा आणि थांबवणं

वेगोव्हीच्या मोठ्या चाचणीत मधुमेह नसलेल्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. मधुमेह असलेल्यांच्या चाचणीत त्याच डोसवर १० टक्क्यांच्या आसपास. मधुमेही माणसाचं वजन सावकाश आणि कमी उतरतं, म्हणून भाच्याच्या फोटोशी स्वतःची तुलना करू नका. ८० किलोच्या माणसाचे वर्षभरात आठ किलो गेले तर औषध चोख चाललं आहे.

औषध थांबल्यावर भूक परत येते. मधुमेह नसलेल्यांच्या त्या चाचणीतल्या लोकांनी औषध सोडल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत चढवलं. म्हणून पैसे किती महिने पुरतील, हा प्रश्न पहिल्याच भेटीत काढा, यात लाज कसली? सहा महिन्यांनी अचानक बंद पडणार असेल, तर दुसरं औषध निवडणं शहाणपणाचं ठरू शकतं. थांबवायचंच असेल तर सांगून थांबवा, म्हणजे कमी केलेल्या शुगरच्या गोळ्या वेळेवर परत वाढवता येतील.

आणि लग्नसराईत, गावी गेल्यावर किंवा औषध न मिळाल्याने सलग दोनहून जास्त डोस राहिले असतील, तर जुन्या मोठ्या डोसवर थेट परत येऊ नका. पोटाची सवय मोडलेली असते. पेन फ्रीजमध्येच राहू द्या, आधी फोन करा. बहुधा पहिल्या पायरीपासून पुन्हा चढायला सांगतील.